शेळीचा वाटा

इंग्रजांच्या मुलुखात 'मटन' म्हणजे मेंढीचे मांस. तो शब्द आपल्याकडे येऊन 'मटण' झाला आणि शेळी-बोकडालाही चिकटला. खाटकाच्या दुकानात या सरमिसळीने कुणाचे अडत नाही. पण आपल्या जुन्या वैद्यांना ती खपली नसती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सत्ताविसाव्या अध्यायात, ही दोन मांसे निरनिराळी सांगितली आहेत. मेंढीचे थंड, म्हणून जड. शेळीचे मात्र फार थंड नाही, फार जड नाही, फार स्निग्धही नाही. माणसाच्या शरीरधातूंशी ते मिळतेजुळते, म्हणून दोष न वाढविता अंग भरणारे, असा चरकाचा निवाडा आहे.

आजच्या आहारशास्त्राची भाषा वेगळी, निवाडा फारसा वेगळा नाही. 100 ग्रॅम कच्च्या, निवडलेल्या मांसात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने आणि अवघी दोन-तीन ग्रॅम चरबी. शेळीची चरबी मांसात कमी, पोटातल्या अवयवांभोवती अधिक साठते. ती बाजूला काढता येते. शिवाय या मांसातले लोह शरीराला सहज लागू पडते.

या जनावराची आणि माणसाची संगत फार जुनी. इराणच्या झाग्रोस डोंगरांत सुमारे 10,000 वर्षांपूर्वी शेळी माणसाळली. आपल्याकडे घोडनदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने 1968 साली उत्खनन सुरू केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीत सातूच्या दाण्यांबरोबर शेळ्यामेंढ्यांची हाडेही निघाली. पुढे मराठवाड्याच्या कोरड्या रानात काळी, काटक उस्मानाबादी शेळी नावारूपाला आली. जिल्ह्याचे नाव 2023 साली धाराशिव झाले. शेळीचे जुनेच राहिले. बाभळीच्या शेंगांवर ती जगते आणि पुष्कळदा जुळी करडे देते. 'गरिबाची गाय' हे नाव तिला उगाच मिळालेले नाही.

पण गरिबाची गाय गरिबाच्या ताटात क्वचितच आली. दवाखाना, बियाणे, मुलांची वह्यापुस्तके; नड आली की दावे सुटे आणि करडू बाजारात जाई. घरी मटण शिजे ते जत्रेला किंवा पाहुणा आला तर. वाटा लहान आणि तोंडे फार, म्हणून फोडी मोजक्या, रस्सा भरपूर आणि भाकरी चुरून. गरजेने लावलेली ही शिस्त आरोग्यालाही मानवणारी होती. आज शहरातल्या ताटात फोडींचा ढीग आणि वर तेलाचा तवंग असतो. तेथे चरकाचे प्रशस्तिपत्र दाखवून उपयोग नाही.

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. दिवसभर उन्हात शेळ्या राखणारी बाईही त्यांच्यातलीच. तिने राखलेले लोह दुसऱ्याच्या ताटात जाते. शेळीचे मांस रोजचे, निरोगी अन्न आहे, असे आपण खुशाल म्हणावे. मात्र त्यातला एक लहानसा वाटा तिच्या थाळीत पडेल, तेव्हाच ते म्हणणे पुरते खरे होईल.