शपथ : बेलभंडारापासून नोटरीच्या शिक्क्यापर्यंत

शिवकालात व पेशवाईत वतनाचे तंटे गोतसभेपुढे येत. तेथे बेलभंडार उचलून साक्ष देण्याची चाल होती. साक्षीपुराव्याने उलगडा न झाल्यास दिव्याची पाळी येई. रवादिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढावा लागे. मग हातास पिशवी बांधून मोहर करीत व काही दिवसांनी हात तपाशीत. महजरावर निरक्षर कुणबी नांगराची निशाणी करी. परंतु मजकूर त्याने चारचौघांत ऐकलेला असे.

पुढे कंपनी सरकारने १८४० च्या कायद्याने गंगाजल व कुराण यांवरील शपथेऐवजी सत्यप्रतिज्ञा आणली. आज १९६९ चा शपथ कायदा चालतो. आणि १९५२ च्या कायद्यान्वये नेमलेला नोटरी प्रतिज्ञा देववून शिक्का मारतो व नोंदवहीत नोंद करतो.

छत्रपती संभाजीनगरातही आपले बांधव वारसाच्या कामी अशी प्रतिज्ञापत्रे करतात. त्यांत बहिणीचे नाव गाळल्याचे कधी कधी कानी येते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत कन्येचा हक्क पुत्राइतकाच झाला आहे. आणि खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे.

तेल आता तापत नाही, म्हणून शपथ हलकी झाली असे ज्ञातिबांधवांनी मानू नये. कागद घरी सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावा, आणि मगच सही करावी.