पायवाटेचे पाटण : खारेपाटणची वसाहतरचना आणि मोटारमार्ग

नगरांचा इतिहास लिहिताना राजघराणी, लढाया, मंदिरे आणि व्यापार यांची दखल घेतली जाते. परंतु त्या नगरातील सामान्य माणूस आपल्या घरापासून बाजारापर्यंत, पाणवठ्यापर्यंत, देवळापर्यंत वा मशिदीपर्यंत कसा जात होता, हा प्रश्न आपल्याकडील इतिहासलेखनात क्वचितच विचारला जातो. अमेरिकेत मात्र गेली साठ-पासष्ट वर्षे नगरविषयक चर्चेचा मोठा भाग या प्रश्नाने व्यापला आहे. पायी वावरता येईल अशी जुनी वस्ती आणि मोटारीवाचून दूधसुद्धा आणता येणार नाही असे उपनगर, यांतील भेद तेथे केवळ आवडीनिवडीचा मानला जात नाही. तो कायदा, सार्वजनिक खर्च आणि सामाजिक विषमता यांच्याशी जोडला जातो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खारेपाटण या जुन्या बंदरगावाला विचारण्याचा प्रयत्न केला आहे.

खारेपाटण आज कणकवली तालुक्यात, रत्नागिरी जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. विजयदुर्गच्या खाडीच्या मुखापासून सुमारे २५ मैल आत, शुक नदीच्या काठी ही वस्ती वसली आहे. समुद्र येथून दिसत नाही; पण गावाच्या नावातील ‘खारे’ आणि ‘पाटण’ हे दोन्ही शब्द समुद्राची आणि व्यापाराची आठवण देतात.

या परिसराची सर्वांत जुनी सविस्तर साक्ष म्हणजे दक्षिण कोकणच्या शिलाहार वंशातील रट्टराजाचा शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट. खारेपाटण येथे मिळालेला हा लेख बाळशास्त्री जांभेकर यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रथम प्रसिद्ध केला. रट्टराज हा चालुक्य सत्याश्रयाचा मांडलिक होता. अव्वेश्वराच्या मंदिरासाठी आत्रेय नावाच्या शैव आचार्यास त्याने दिलेल्या दानाची ही नोंद आहे. वंशावळीसाठी आणि बलिपत्तन या राजधानीच्या उल्लेखासाठी तो अभ्यासकांना परिचित आहे, वा. वि. मिराशी यांनी बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण असे मत मांडले आहे. आपल्या दृष्टीने मात्र या ताम्रपटातील दोन तपशील अधिक बोलके आहेत. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याणक मंदिरास द्यावा, असे त्यात सांगितले आहे. त्याचबरोबर दासी, तेली, माळी, कुंभार आणि परीट यांची कुटुंबे मंदिराच्या सेवेस लावून दिली आहेत, आणि किल्ल्याच्या आतील काही जमीनही दानात आहे.

म्हणजे दूर देशीच्या व्यापारातून येणारा पैसा आणि रोजच्या रोज लागणारे तेल, फुले, मडकी व धुतलेली वस्त्रे, या दोन्हींची तरतूद एकाच शासनाने केली आहे. गलबत शेकडो कोसांवरून यावे; माळी मात्र हाकेच्या अंतरावर असावा. मध्ययुगीन नगराची बांधणी याच तत्त्वावर होत असे, असे म्हणता येईल. वाहन हे दूरच्या मालासाठी. जवळच्या व्यवहारासाठी पाय. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही कुटुंबे तेथे आपण होऊन राहायला आलेली नाहीत. ती दान दिली गेली आहेत. जवळ राहणे हे त्यांच्या सेवेचे बंधन होते. जुन्या पायी वस्तीचे गुणगान करणाऱ्या लेखनात, अमेरिकेतील असो वा आपल्याकडील, ही बाजू बहुधा सुटून जाते.

सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोझा याने ‘अरापाटम’ नावाच्या लहान बंदराचा उल्लेख केला आहे. ते खारेपाटणच असावे, असे गॅझेटिअरकारांचे मत आहे. मलबारची जहाजे तेथून स्वस्त तांदूळ आणि भाजीपाला भरून नेत. पुढे आंग्रे, पेशवे आणि १८१८ नंतर इंग्रज असे सत्तांतर झाले तरी गावाचे तोंड खाडीकडेच राहिले. मोठी गलबते वाघोटणपर्यंत येत आणि तेथून लहान होड्या भरतीच्या पाण्यावर वर येत. बाजारपेठ नदीकाठी, घरे चढणीवर, टेकडीवर लहानसा किल्ला, आणि थोड्या थोड्या अंतरावर हिंदू, मुसलमान व जैन यांची प्रार्थनास्थळे, अशी ही रचना होती. दक्षिण कोकणात जैन मंदिर ही विरळा गोष्ट. ते येथे आहे, यावरून घाटमाथ्यावरील व्यापाऱ्यांची वसती या पेठेत किती मुरली होती, हे समजते.

या रचनेतील दळणवळणाचे खरे साधन म्हणजे पाखाडी. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची ही वाट कोकणाबाहेरील वाचकास कदाचित केवळ चित्रमय वाटेल. वस्तुतः ती अत्यंत विचारपूर्वक केलेली बांधणी आहे. पावसाळ्यातील पाण्याने उताराची माती वाहून जाऊ नये, निसरड्यावर पाय ठरावा, डोक्यावर भारा असलेल्या बाईला एका दमात चढता येईल इतकीच प्रत्येक पायरीची उंची असावी, अशा अनुभवातून ती सिद्ध झाली. व्हाळ आडवा आला की साकव. पाखाडी आणि साकव मिळून वाडीला वाडी जोडली जाई. बैलगाडीसुद्धा या वाटेने जाऊ शकत नसे, ही तिची उणीव. परंतु त्याच कारणाने ती वाट संपूर्णपणे चालणाऱ्याची राहिली.

मात्र ती प्रत्येक चालणाऱ्याची नव्हती. कोकणातील वाड्या जातवार वसलेल्या आहेत. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादी ठिकाणे अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुली करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यापर्यंत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चालत जाणे हाच सत्याग्रह ठरला. ज्या प्रदेशात पायी चालत तळ्यावर जाणे ही क्रांतिकारक कृती होते, तेथे ‘चालण्याजोगी वस्ती’ हा शब्दप्रयोग कोणासाठी, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

खारेपाटणचे महत्त्व कमी होण्याचा क्रम एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. फोंडा घाटातून गाडीरस्ता झाला, आगबोटींची वाहतूक समुद्रकाठच्या बंदरांवर एकवटली आणि १८७५ साली उपविभागाचे मुख्य ठाणे खारेपाटणहून देवगडला हलले. म्हणजे कचेरीच्या कामासाठी लोक ज्या गावी येत होते, त्या गावच्या लोकांनाच आता कचेरीसाठी देवगड गाठावे लागू लागले. विसाव्या शतकात मुंबई-गोवा रस्ता आला, एस. टी. आली आणि गावाचे तोंड खाडीकडून रस्त्याकडे वळले. ही दुसरी दिशा फारशी जाचक नव्हती. एस. टी.च्या थांब्यापर्यंत माणूस चालतच येतो; त्यामुळे बसने पायवाट मोडली नाही, उलट ती वापरात ठेवली. चाकरमान्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रवास असाच झाला आहे : मुंबईपासून थांब्यापर्यंत गाडी, थांब्यापासून घरापर्यंत पाखाडी.

याच काळात अमेरिकेत घडत होते ते वेगळे. तेथील मोटारकेंद्रित जीवन हे लोकांच्या पसंतीतून आपोआप उद्भवले, हा समज टिकणारा नाही. घरे एका भागात आणि दुकाने दुसऱ्या भागात ठेवणाऱ्या विभागणीच्या नियमांना तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली युक्लिड खटल्यात मान्यता दिली. १९३४ नंतर संघीय गृहकर्ज हमीची योजना नव्या उपनगरांना अनुकूल ठरली. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ उभे राहिलेले लेव्हिटटाउन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण; तेथील सुरुवातीच्या करारांत कृष्णवर्णीयांना राहण्यास मज्जाव होता. मग २९ जून १९५६ रोजी आयझेनहॉवर यांनी महामार्ग कायद्यावर स्वाक्षरी केली. ४१,००० मैलांच्या जाळ्याचा ९० टक्के खर्च संघीय सरकारने उचलला. इतक्या स्वस्तात मिळणारा रस्ता कोणते शहर नाकारील? अनेक शहरांत तो कृष्णवर्णीयांच्या आणि गरिबांच्या चालत्याबोलत्या वस्त्यांतून काढला गेला. न्यू ऑर्लीन्समधील क्लेबोर्न अव्हेन्यूवरील जुनी झाडी आणि दुकाने अशाच उन्नत मार्गाखाली गेली. १९६१ साली जेन जेकब्स यांनी अमेरिकी शहरांवरील आपल्या ग्रंथात पदपथावरील रोजच्या ये-जा आणि ओळखीतूनच नगर सुरक्षित राहते, हे मांडले. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी पुढे सॅन फ्रान्सिस्कोतील तीन रस्त्यांची पाहणी केली. दिवसाला सुमारे २,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावरील रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते. १६,००० वाहनांच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता, सरासरी ०.९. रस्ता रुंद झाला की समोरचे घर दूर जाते, हे येथे आकड्यांत दिसते.

योगायोग असा की आपला राष्ट्रीय महामार्ग अधिनियमही १९५६ सालचाच. आणि दुसरा योगायोग, थोडा गमतीचा : खारेपाटणवरून जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ हा २०१० च्या पुनर्क्रमांकनात ६६ झाला. १९२६ साली ठरलेल्या आणि १९८५ साली यादीतून वगळलेल्या अमेरिकेतील ६६ क्रमांकाच्या मार्गावरील कित्येक गावे, नवा महामार्ग बाजूने गेल्यावर ओस पडली. ती गावे मोटारीसाठीच उभी राहिली होती, मोटार वळली तेव्हा त्यांना दुसरे कारण उरले नाही. खारेपाटणचे तसे झाले नाही. खाडीचा व्यापार गेला, तालुक्याचे ठाणे गेले, तरी बाजार राहिला. कारण भोवतालच्या गावांना तो पायी अथवा एका बसने गाठता येत होता.

परंतु अमेरिकेशी तुलना येथे एका जागी थांबते, आणि तीच या विषयातील अडचणीची जागा आहे. अमेरिकेत महामार्गाचे जाळे विणले गेले तेव्हा बहुसंख्य कुटुंबांकडे मोटार होती. कोकणात चौपदरी मार्ग आला तेव्हा त्यालगतच्या वाड्यांतील बहुसंख्य माणसे चालणारी, बसने जाणारी किंवा फार तर दुचाकीची होती. म्हणजे येथे मोटारीवर अवलंबून असलेली रचना मोटार नसलेल्यांच्या अंगणात येते. रस्ता ज्या वेगासाठी आखला जातो तो वेग मुंबई-गोवा प्रवाशाचा असतो. तो ओलांडायचा असतो शाळेतल्या मुलीला, शेताकडे जाणाऱ्या म्हाताऱ्याला. कणकवली शहरात हा मार्ग उड्डाणपुलावरून नेण्यात आला, त्यामुळे खालची ये-जा काही अंशी तरी वाचली. लहान गावांच्या वाट्याला असा पूल क्वचितच येतो. तेथे दुभाजकातील मोकळी जागा किती अंतरावर, यावर शेजारधर्म ठरतो. त्यात खारेपाटणच्या सखल बाजारपेठेत शुक नदीचे पुराचे पाणी वारंवार शिरते. व्यापाऱ्याने उंचावरील रस्त्याकडे पाहावे, हे स्वाभाविकच आहे. त्यास नुसते स्मृतिरंजन करून नदीकाठी राहा म्हणणे अन्यायाचे होईल. रस्ता नकोच, असेही या प्रदेशात कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. रुग्णाला वेळेत रुग्णालयात पोहोचवणारा रस्ता हा वैभवाचा नव्हे, गरजेचा विषय आहे.

प्रश्न नोंदीचा आहे. भूसंपादनाच्या संयुक्त मोजणीत जमीन मोजली जाते, घर, गोठा, विहीर मोजली जाते, आंबा, फणस, माड एकेक करून मोजला जातो. दोन वाड्यांना जोडणारी पाखाडी बहुधा कोणाच्याच सातबाऱ्यावर नसते. म्हणून ती तुटली तरी तिचा मोबदला मागणारा खातेदार नसतो. वास्तविक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १६५ नुसार प्रत्येक गावातील वहिवाटीच्या वाटांचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या पत्रकात लिहून ठेवण्याची तरतूद आहे, आणि कलम १४३ खाली बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार देऊ शकतो. गाव नकाशावर तुटक रेषेने दाखविलेल्या वाटा, हे पत्रक आणि ज्यांनी त्या वाटेने बंदरावर, बाजारात वा शाळेत ये-जा केली अशा वृद्ध स्त्री-पुरुषांच्या आठवणी, ही तीन साधने एकत्र ठेवली तर खारेपाटणच्या पाखाड्यांचा नकाशा आजही तयार करता येईल. कोकणातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि भूगोल विभागांनी मिळून हे काम हाती घेतले तर त्यासाठी विद्यार्थ्यांचे दोन उन्हाळे पुरतील. कोणत्या वाडीस कोणती वाट पूर्वी बंद होती, हाही रकाना त्या नकाशात ठेवावा लागेल.