तुटलेला दुवा आणि पर्यायी मार्ग : सातारा प्रतिसरकारच्या संदेशवहनाविषयी

१९४२ च्या ऑगस्टनंतर सातारा जिल्ह्यात तारा तोडणे, टपाल लुटणे व रेल्वेवर हल्ले करणे हे भूमिगतांच्या कार्यक्रमाचे प्रमुख अंग होते. या कृतींमागील साहसाचे वर्णन विपुल आढळते. मात्र दुवा तुटल्यावर संदेशवहन पुन्हा कसे सुरू होई, या प्रश्नाकडे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे.

लोहमार्गालगतची तार ही सरळ रेषेतील रचना होती. एका ठिकाणी तुटली की पलीकडचे ठाणे मुके होई. वलयाकार जाळ्यात संदेश उलट दिशेने पोहोचू शकतो. तथापि तोही तत्काळ पोहोचत नाही. संगणक-जाळ्यांतील 'ओएसपीएफ' या पद्धतीत शेजारी यंत्रे सर्वसाधारणपणे दर १० सेकंदांनी आपले अस्तित्व कळवितात. तुटीची थेट जाणीव झाली नाही, तर ४० सेकंदांच्या मौनानंतर दुवा तुटल्याचे मानले जाते. तोवर संदेश त्याच दिशेने जाऊन नष्ट होतात. विलंब मुख्यतः मार्ग शोधण्यात नसून तूट ओळखण्यात असतो.

भूमिगतांपुढील अडचण नेमकी हीच असावी. निरोप्या परतला नाही, तर तो पकडला गेला की वाटेत थांबला, हे मौनावरूनच ताडावे लागणार. पर्यायी वाटा मात्र पुष्कळ होत्या. कुंडल औंध संस्थानात, तासगाव व वाळवा ब्रिटिश मुलखात, तर सांगली व मिरज ही स्वतंत्र संस्थाने. हद्दींची ही गुंतागुंत भूमिगतांच्या पथ्यावर पडली. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील यांच्यासारख्या स्त्रियांचा या कामातील वाटा केवळ साहाय्यकाचा मानणे अन्यायाचे होईल.

७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे लुटली गेली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील यांनी सहकाऱ्यांसह सांगलीचा तुरुंग फोडला. त्यात अण्णा पत्रावळे व बाबूराव जाधव हुतात्मा झाले, तर जखमी वसंतदादा पुन्हा पकडले गेले. एवढा आघात होऊनही प्रतिसरकार १९४६ पर्यंत टिकले आणि तोवर नाना पाटील सरकारच्या हाती लागले नाहीत.

यंत्राशी केलेली ही तुलना एका मर्यादेपर्यंतच ग्राह्य आहे. निकामी यंत्र काही बोलत नाही. पकडलेल्या माणसाला मारहाण करून बोलते करता येते. त्यामुळे तुटलेल्या दुव्याबरोबर त्याला ठाऊक असलेले शाबूत दुवेही सोडून देणे भाग होते.