बागेचं पाणी, वस्तीचं पाणी

दुष्काळ पडला की सभेत एखादा तरणा कार्यकर्ता उठतो आणि गरजतो, "बागांचं पाणी तोडा, वस्तीला द्या!" टाळ्या पडतात. मीही वाजवल्यात. पण टाळ्या थांबल्यावर हिशेबाला बसावं लागतं, आणि आपल्या पाण्याचा हिशेब कुठनंही सुरू केला तरी महाडवरनंच जातो.

सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ ला पास झाला. सरकारी पैशानं बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाडच्या म्युनिसिपालिटीनंही १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद खुला, काठ बंद! गुरं पाणी पीत होती, परधर्माची माणसं पीत होती, आमचा हात तेवढा बाटवणारा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळ भरली. मग डोकी फुटली. मग पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' झालं. ऑगस्टात म्युनिसिपालिटीनं आपलाच ठराव मागं घेतला. सनातन्यांनी कोर्टात दावा लावला, आणि हायकोर्टाचा शेवटचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीला दहा वर्षं.

हे सगळं तुम्हाला पाठ आहे. तरी सांगतो, कारण 'सार्वजनिक' हा शब्द आपण असा ओढून आणलाय. म्युनिसिपालिटीची बाग याच शब्दाच्या पोटातली. ती सुकली तर सुकू दे म्हणताना आपण आपलीच वस्तू टाकून देतोय, एवढं ध्यानात ठेवा.

आता मुंबई. १८५० च्या दशकात बेटावरच्या विहिरी आटल्या, तेव्हा सरकारला बाहेरनं आगगाडीनं पाणी आणावं लागलं. त्या धसक्यानं विहारचा तलाव झाला, १८६० त नळाला पाणी आलं. दोनच वर्षांनी भायखळ्याला राणीचा बाग लोकांना खुला झाला. म्हणजे नळ आणि बाग या शहरात जवळजवळ जुळी भावंडं. मलबार हिलवर तर गंमतच आहे. वर हँगिंग गार्डन, खाली शहराच्या पिण्याच्या पाण्याची टाकी. पाणी खाली, हिरवळ वर, आणि भोवती कोण राहतं ते सांगायला नको.

ज्याच्या बंगल्याला स्वतःची हिरवळ आहे त्याला सार्वजनिक बाग बंद झाल्याचं सुखदुःख नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं राहतात, त्यांच्यातला म्हातारा संध्याकाळी कुठं बसणार? पोरगं दहावीचा अभ्यास कुठल्या दिव्याखाली करणार? आपल्यातली किती पोरं बागेच्या बाकावर शिकली, मोजा की एकदा.

पण म्हणून हिरवळीचे लाड करायचे का? नाही! हिशेब बघा. कडक उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर रोज साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला पाच लिटर. एका एकराला वीस हजार लिटर, दोन मोठे टँकर. झोपडपट्टीत माणशी ४५ लिटरचं माप धरतात, इमारतीत १३५ चं. ४५ नं भागा. एक एकर हिरवळ रोज साडेचारशे माणसांचं पाणी पिते.

शिवाजी पार्क अठ्ठावीस एकर. ते सबंध हिरवं ठेवायचं म्हटलं तर दिवसाला साडेपाच लाख लिटर. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली गाडी आली, दहा वाघिणींची. तिच्यात पाच लाख लिटर होतं. त्याआधी मार्चातच लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली होती. पाण्यासाठी १४४ कलम! आणि ६ डिसेंबरला याच पार्कात उतरणाऱ्या आपल्या मायमाउलीला हिरवळ लागत नाही. तिला लागतो नळ, संडास आणि सावली.

सावलीचा हिशेब मात्र निराळा. हिरवळ गेली तर पहिल्या पावसात पुन्हा उगवते. वीस वर्षांचं झाड गेलं तर वीस वर्षं गेली. जुन्या झाडाची मुळं खोल असतात, ते बराच दम काढतं. नवं रोप जगवायला आठवड्याकाठी एखाद-दोन बादल्या, त्याही बुंध्याशी पालापाचोळा पसरून. आणि हाच पाला बागवाले जाळतात किंवा कचऱ्याच्या गाडीत टाकतात.

पाणीही पिण्याचंच लागतं असं नाही. २०१६ च्या एप्रिलात क्रिकेटच्या मैदानांवरनं हायकोर्टात वाद झाला. तेव्हा क्रिकेटवाले म्हणाले, रेसकोर्सवरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू. म्हणजे ते होतं तर! कोर्टानं तरी ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले. जे पाणी मैदानासाठी चार दिवसांत सापडतं, ते म्युनिसिपालिटीच्या बागेला वर्षानुवर्षं का सापडत नाही?

आणि फक्त बागेकडं बोट दाखवून दुष्काळ कळत नाही, हेही सांगून टाकतो. १९७२ साली पाणी तोडायला खेड्यात बाग कुठं होती? तरी त्याच मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरनं आपल्या बायांची नग्न धिंड निघाली. त्याच वर्षी पँथर उभी राहिली. त्याच दुष्काळात बाबा आढाव गावोगाव पाणवठे बघत फिरले आणि 'एक गाव एक पाणवठा' ची चळवळ उभी राहिली. खडी फोडायला आमचे हात चालले, पाझर तलाव खोदायला चालले. तलाव भरल्यावर पाझर कुणाच्या विहिरीत उतरला ते गाव जाणतं. मुंबईत तर २००० नंतरच्या झोपडीला नळ मिळतच नव्हता. १५ डिसेंबर २०१४ ला हायकोर्टानं सांगितलं, झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही. तेव्हा बागेचा नळ बंद केला की ते पाणी आपोआप वस्तीत येतं, या भ्रमात राहू नका. नळाच्या तोंडाशी पाइप लागतो, पाइपाला मंजुरी लागते.

म्हणून पुढच्या पाणीकपातीत वॉर्ड ऑफिसात जाल तेव्हा "बाग बंद करा" असं निवेदन देऊ नका. बागेचं मीटर दाखवा म्हणा. त्यात नळाचं किती, बोअरचं किती, टँकरचं किती ते लेखी मागा. हिरवळ सोडा, झाडं जगवा, वाचलं ते अमुक गल्लीच्या नळाला द्या, असं गल्लीचं नाव घालून लिहा. बागेचं फाटक आणि दिवे रात्री उशिरापर्यंत चालू ठेवायची मागणी त्याच कागदावर घाला. आणि जाण्याआधी बागेतल्या माळ्याला गाठा. ठेकेदाराचा माणूस असतो बिचारा, पगार कधी होतो तेही विचारा. कुठलं झाड किती दिवस तहान काढतं ते साहेबापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.