कोकण किनाऱ्यावरील मिशनरी दांपत्याचे प्रशिक्षण : जॉन व मार्गारेट विल्सन (इ. स. १८२९)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा विचार करताना मिशनरींच्या शाळा, मुद्रणालये आणि त्यांनी घडवून आणलेले वादविवाद यांचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. मात्र या कार्याला आरंभ करण्यापूर्वी मिशनरींनी स्वतः काय, कोठे आणि कोणाकडून शिकून घेतले, याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेलेले दिसते. मिशनरी पत्नीच्या शिक्षणाचा प्रश्न तर त्याहूनही मागे पडतो. प्रस्तुत निबंधात जॉन विल्सन (१८०४-१८७५) व मार्गारेट बेन-विल्सन (१७९५-१८३५) या स्कॉटिश दांपत्याने १८२९ साली बाणकोट व हर्णै येथे केलेल्या मराठीच्या अभ्यासाचा या दृष्टीने विचार केला आहे.

बाणकोटचे स्थान

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत समुद्रास मिळते. खाडीच्या उत्तरेस आजच्या रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुका, तर दक्षिणेस रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोट आहे. आज जिल्ह्याची सीमा असलेली ही खाडी त्या काळी राज्यांचीही सीमा होती. उत्तरेकडील किनाऱ्यावर जंजिऱ्याच्या सिद्दीची सत्ता होती आणि त्यापलीकडे अलिबाग-कुलाबा येथे १८४० पर्यंत आंग्र्यांचे संस्थान टिकून होते. बाणकोट मात्र १७५६ पासून इंग्रजांकडे होते. १८१८ साली पेशवाई संपल्यावर काही काळ ते दक्षिण कोकणच्या कारभाराचे मुख्य ठाणेही होते.

१८१३ च्या सनदी कायद्याने मिशनरींना हिंदुस्थानात येण्याचा मार्ग मोकळा झाला होता. तथापि, नुकत्याच जिंकलेल्या पुण्यात धर्मप्रसारामुळे असंतोष निर्माण होऊ नये, याविषयी एल्फिन्स्टनचे सरकार दक्ष होते. अशा परिस्थितीत, दीर्घकाळ इंग्रजी अमलाखाली असलेले आणि मुंबईहून गलबताने गाठता येणारे बाणकोट हे स्कॉटिश मिशनरी सोसायटीला सोयीचे वाटले असल्यास नवल नाही. १८२३ साली डोनाल्ड मिचेल यांनी तेथे कामास प्रारंभ केला. परंतु त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागून जेम्स मिचेल, जॉन स्टीव्हन्सन, रॉबर्ट नेस्बिट प्रभृती मिशनरी आले. दक्षिणेकडील हर्णै येथेही ठाणे स्थापन झाले.

दांपत्याची पूर्वतयारी

विल्सन दांपत्याचा विवाह १८२८ च्या ऑगस्टमध्ये झाला आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये ते मुंबईस उतरले. त्या वेळी जॉन चोवीस वर्षांचे, तर मार्गारेट तेहतीस वर्षांच्या होत्या. जॉन यांनी एडिंबरो येथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले होते, त्यासोबत काही वैद्यकीय अभ्यासही केला होता आणि त्यांना रीतसर दीक्षा मिळाली होती. धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेल्या मार्गारेट सुशिक्षित होत्या. परंतु त्यांना स्वतंत्र नियुक्ती नव्हती. मिशनच्या दृष्टीने त्या केवळ मिशनऱ्याच्या पत्नी होत्या.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर मात्र या भेदाला फारसा अर्थ उरला नाही. मराठी दोघांनाही नव्याने शिकायची होती. वयाने आणि व्यासंगाने प्रौढ असलेल्या मार्गारेट येथे पतीच्या सहाध्यायी झाल्या.

साधने व शिक्षक

त्या काळी मराठी शिकू पाहणाऱ्या परकीयाजवळ साधने तुटपुंजी होती. विल्यम कॅरी यांचे व्याकरण (१८०५) आणि मोडी लिपीत छापलेला कोश (१८१०) उपलब्ध होता. परंतु तो बंगालमध्ये श्रीरामपूर येथे, वैजनाथशास्त्री यांच्या साहाय्याने तयार झाला होता. व्हॅन्स केनेडी यांचा कोश १८२४ चा. मोल्सवर्थ यांचा विस्तृत कोश प्रसिद्ध होण्यास अद्याप दोन वर्षांचा अवधी होता. परिणामी विद्यार्थ्याची भिस्त पंडिताच्या मुखावर होती. त्यातही पंडिताची शिष्ट मराठी आणि किनाऱ्यावरील कुणबी, कोळी व कोकणी मुसलमान यांची बोली यांत मोठे अंतर होते. ग्रंथ समजण्यासाठी एक भाषा आणि माणसे समजण्यासाठी दुसरी, असा हा दुहेरी अभ्यास होता.

येथे एक विसंगती लक्षात घेणे आवश्यक आहे. धर्म शिकविण्यासाठी आलेले हे दांपत्य प्रथम येथील लोकांचे शिष्य झाले. शिष्यांची चरित्रे लिहिली गेली. गुरू मात्र बहुधा ‘पंडित’ किंवा ‘मुन्शी’ एवढ्याच संज्ञेने उरले. मार्गारेट यांच्या बाबतीतही मर्यादा आहेच. त्यांची पत्रे आपल्यापर्यंत पोहोचतात ती जॉन यांनी १८३८ साली प्रसिद्ध केलेल्या स्मृतिग्रंथातून, म्हणजे पतीच्या निवडीतून.

प्रशिक्षणाची फलश्रुती

१८२९ च्या अखेरीस हे दांपत्य मुंबईत स्थिरावले. जॉन मराठीतून प्रवचने देऊ लागले. १८३० मध्ये ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे नियतकालिक, तर १८३२ मध्ये पुढे विल्सन महाविद्यालयात परिणत झालेली शाळा सुरू झाली. त्याच वर्षी त्यांनी बेने इस्रायल समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. अलिबाग परिसरात शतकानुशतके राहिलेल्या या मराठीभाषक ज्यू समाजाशी संवाद मराठीतूनच शक्य होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. अमेरिकन मिशनने अशी सुरुवात १८२४ सालीच केली होती व सिंथिया फरार १८२७ पासून त्या कार्यात होत्या. त्यामुळे मार्गारेट यांना आद्यत्वाचा मान देण्याचे कारण नाही. तथापि, मुलींना त्यांच्याच भाषेत शिकविण्याची क्षमता त्यांना लाभली ती किनाऱ्यावरील अभ्यासामुळे. एप्रिल १८३५ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे मुंबईत निधन झाले. पुढे त्यांच्या बहिणींनी येऊन शाळांचे काम चालविले.

स्कॉटिश मिशनने १८३० च्या दशकात कोकणातील ठाणी सोडून पुण्याकडे लक्ष वळविले. बाणकोटला अनुभव घेतलेले जेम्स मिचेलही पुण्यास गेले. तेथील स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले यांचे १८४७ पर्यंत शिक्षण झाले. सावित्रीबाईंनी श्रीमती मिचेल यांच्या अध्यापनवर्गात प्रशिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार नमूद करतात.

समारोप

मिशनचा हेतू धर्मांतराचा होता, हे विसरून या प्रशिक्षणाचे मूल्यमापन करता येणार नाही. त्या हेतूच्या कसोटीवर कोकणातील ठाणी अल्पजीवीच ठरली. परंतु तेथे कमावलेली भाषा मुंबई-पुण्याच्या शाळांत उपयोगी पडली आणि त्या शाळांतून बाहेर पडलेल्यांनी तिचा विनियोग स्वतःच्या हेतूंसाठी केला. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात शाळा उघडल्याच्या तारखांना महत्त्व दिले जाते. त्या तारखांपूर्वीचे शिकणेही, आणि त्यातील पदनाम नसलेली पत्नी व नाव न उरलेला पंडित यांचा वाटाही, त्या इतिहासात नोंदविला गेला पाहिजे.