वजन आणि वळण

‘जालना, सोने का पालना’ अशी आमच्या गावाची जुनी म्हण आहे. आता मात्र गावाचे नाव लोखंडाने गाजते. एमआयडीसीत शिरावे तो कुठे भट्टीत भंगार वितळत असते, कुठे लालबुंद बिलेट रुळांवरून सरकत असते, तर कुठे रोलिंग मिलमधून सळई सापासारखी धावत बाहेर येत असते. अशा गावातल्या पोरांनी आपली ताकद लोखंडावरच आजमावावी, यात नवल ते काय?

येथल्या कामगारवस्तीच्या कडेला पत्र्याचे छप्पर घातलेली एक लहानशी तालीम आहे. शाळा सुटली की मी तेथे जाऊन बसतो. पाच वर्षांपूर्वी हनुमान जयंतीला तेथे वजन उचलण्याची शर्यत लागली होती. पोरांनी 32 मिलिमीटरची एक सळई पैदा करून तिच्या दोन्ही टोकांना सिमेंट भरलेले डबे बसवले होते. माझ्याच वर्गातला एक मुलगा पुढे झाला. त्याने वजन डोक्यावर नेले तेव्हा पहिल्या रांगेतून टाळ्या पिटीत मीच ओरडलो, “शाब्बास! आणखी दहा किलो लावा!” दुसऱ्या खेपेस त्याची पाठ धनुष्यासारखी वाकली आणि तो खाली बसला तो उठेचना. पुढचे तीन महिने त्याने अंथरुणावर काढले. त्याने मला कधी बोल लावला नाही. पण माझी ती टाळी माझ्या कानांतून जाईना. मग मी या खेळाचा इतिहास धुंडाळू लागलो. आपण टाळी वाजवली ती कशासाठी, हे मला समजून घ्यायचे होते.

आपल्याकडे वजन उचलण्याची हौस जुनीच. कित्येक गावांत मारुतीच्या पाराजवळ दगडी गोटी पडलेली असे आणि ती खांद्यावर घेईल तो गडी खरा. पण ही झाली परीक्षा. तालमीतले शिक्षण निराळे होते. तेथे नवशिक्याच्या हाती वस्ताद आधी हलका मुद्गल देई. त्याचा फेर अंगवळणी पडल्यावाचून करेल्याला हात लावू देत नसे. म्हणजे आधी वळण आणि मग वजन, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. लोखंडी बार आल्यावर मात्र प्लेट चढवणे इतके सोपे झाले की आपण परीक्षेलाच शिक्षण समजू लागलो.

पश्चिमेचा इतिहासही मला याच वाटेने जाताना दिसला. 1896 साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हा दोन हातांनी वजन उचलण्याच्या स्पर्धेत डेन्मार्कचा विगो येन्सेन आणि ब्रिटनचा लॉन्सेस्टन एलियट या दोघांनीही 111.5 किलो उचलले. आता विजयी कोण? ग्रीसचे राजपुत्र जॉर्ज यांनी कौल येन्सेनला दिला. कारण त्याचे उचलणे अधिक नेटके होते! पहिल्याच ऑलिंपिकात निकाल लागला तो वळणावर. पुढे एका हाताच्या स्पर्धेत एलियटने 71 किलो उचलून उट्टे काढले, ते निराळे.

1928 ते 1972 या काळात ऑलिंपिकमध्ये तीन प्रकार होते : प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. प्रेसमध्ये पायांचा झोका न घेता, केवळ हातांच्या बळावर वजन खांद्यावरून वर रेटायचे असे. आकडे वाढत चालले तसे गडी कमरेतून मागे झुकू लागले; इतके, की ते उभे आहेत की निजले आहेत, असा पंचांना प्रश्न पडावा. निवाडा करणे अशक्य झाले, पाठीचे हाल होऊ लागले आणि 1972 च्या म्युनिकनंतर प्रेस बाद झाली. हा मजकूर मी वाचला त्या दिवशी मला ती धनुष्यासारखी पाठ आठवली.

उरले दोन प्रकार. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर, मग डोक्यावर. यात बळ लागतेच, पण खरे मर्म हे की बार फार उंच न्यायचाच नसतो. तो थोडा वर गेला की आपणच चपळाईने त्याच्याखाली बसायचे असते. आमच्या तालमीचे वस्ताद रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले फोरमन आहेत. ते मला म्हणाले, “मास्तर, पोरं बार ओढतात हातानं. हात म्हणजे नुसते दोर. जोर पायांचा.” बार पावलांच्या मध्यावर, पाठ सपाट, कोपर सरळ, जणू जमीनच पायांनी खाली ढकलायची. बार नडगी-मांडीला लगटून वर यावा. तो अंगापासून दूर गेला की सारा भार कमरेवर येतो. एके काळी बार मांडीला लागणे नियमबाह्य होते. 1960 च्या दशकात ती मुभा मिळाली आणि उचलण्याची रीतच पालटली.

सळईतला दोषही त्यांनीच दाखवला. इमारतीची सळई वाकली की वाकलेलीच राहते. स्पर्धेचा बार लवतो आणि पुन्हा सरळ होतो. शिवाय त्याची टोके फिरती असतात, त्यामुळे वजन गरगरले तरी मनगट पिळवटत नाही. पुरुषांचा बार 20 किलोचा आणि 28 मिलिमीटर जाडीचा. स्त्रियांचा 15 किलोचा आणि 25 मिलिमीटरचा.

स्त्रियांना तर ऑलिंपिकात हा खेळ खेळायला 2000 साल उजाडावे लागले. त्याच वर्षी सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने 110 आणि 130 असे एकूण 240 किलो उचलून कांस्यपदक आणले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. आणि इतके लांब तरी कशाला जा! आमच्या जालन्याहून आगगाडीत बसले की मनमाड येते. तेथल्या आकांक्षा व्यवहारे हिने 2022 साली मेक्सिकोतील लिऑन येथे जागतिक युवा स्पर्धेत 40 किलो गटात रौप्यपदक मिळवले. 59 आणि 68, एकूण 127 किलो! स्वतःच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक भार ही मुलगी डोक्यावर नेते, हे नुसत्या दंडाचे काम नव्हे.

वळण असले म्हणजे सारे निभते, असेही नाही. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने स्नॅचमध्ये 113 किलो उचलून आघाडी घेतली होती. क्लीन अँड जर्कमध्ये 139 किलो पेलताना त्याच्या कोपराला दुखापत झाली. त्याचे झाले 248, सुवर्णविजेत्याचे 249. लोखंड कोणाचीच भीड धरत नाही. मग नवशिक्याने ते केवढ्या जपून हाती घ्यावे!

गेल्या श्रावणात तो माझा विद्यार्थी तालमीत आला. आता तो मिलमध्ये कामाला आहे. सोबत नववीतली धाकटी बहीण होती. आईचा विरोध होता; पण “नीट शिकवणार असाल तरच,” असे म्हणून त्याने तिला वस्तादांच्या हवाली केले. वस्तादांनी तिच्या हाती बांबूची काठी दिली. मी वर्गात पोरांना कित्ता गिरवायला देतो, तशीच ही काठी. धडेही उलट्या क्रमाने : आधी काठी डोक्यावर धरून बसणे-उठणे, मग मांडीपासून उचलणे, मग गुडघ्यापासून, आणि जमिनीवरून सर्वांत शेवटी. पोर रोज विचारते, “वजन कधी?” भाऊ पाळी संपवून येतो, भिंतीला टेकून उभा राहतो आणि केवळ तिच्या पाठीकडे पाहतो. ती जराशी वाकली की म्हणतो, “पाठ!” आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मी हातांची घडी घालून गप्प बसतो.

परवा वस्तादांनी तिला सांगितले, “पाडव्याला ये. काठी ठेवून दे, बार घे. पण रिकामा.”

त्या दिवशी मात्र मी टाळी वाजवणार आहे.