मुलाला बुटाची लेस बांधता येत नाही? आधी त्याच्या हातात जाड दोरी द्या

शाळेची रिक्षा दारात उभी आणि मूल पाय पुढे करून बसलेलं. लेस कोण बांधणार? अर्थात आई-बाबा. आता वेल्क्रोचे बूट आल्यामुळे हा प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण गाठ मारणं फक्त बुटापुरतं नसतं.

गाठ मारताना एक हात दोरी धरून ठेवतो, दुसरा ती फिरवतो. अंगठा आणि तर्जनीची चिमूट पक्की लागते. शिवाय 'आधी हे, मग ते' हा क्रम लक्षात ठेवावा लागतो. शर्टाचं बटण लावायला आणि पेन्सिल धरायला हीच बोटं कामाला येतात. लहान मुलांच्या मनगटाची हाडं जन्मतः कूर्चेच्या रूपात असतात आणि पुढची काही वर्षं हळूहळू टणक होत जातात. म्हणूनच तीन वर्षांच्या मुलाकडून पानभर 'अ आ इ' गिरवून घेण्यापेक्षा त्याला मोठे मणी ओवायला देणं जास्त शहाणपणाचं.

हे काही नवीन खूळ नाही. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केलं. त्यांच्या साधनांमध्ये बटणं, नाड्या आणि रिबिनी लावलेल्या लाकडी चौकटी होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला काम केलं, तेव्हा महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग बिया, पानं, शंख-शिंपले हीच साधनं झाली.

घरी सुरुवात कशी करायची?

तिसऱ्या-चौथ्या वर्षी ओवणं. दोरीच्या टोकाला सेलोटेप गुंडाळला की ते सुईसारखं कडक होतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यातून लेस काढणं, आंब्याच्या पानांचं तोरण करणं हेही चालतं. त्यानंतर जाड सुती दोरीची साधी गाठ. आणि हो, गाठ सोडवायलाही शिकवा. निरगाठ सोडवताना बोटांची खरी परीक्षा होते.

बुटाची लेस म्हणजे सुरगाठ, टोक ओढलं की सुटणारी. ती बहुतेक मुलांना पाच-सहाव्या वर्षी जमू लागते. दोन रंगांच्या लेस वापरल्या तर कोणती कुठून गेली हे मुलाला दिसतं. समोर बसून दाखवू नका, डावं-उजवं उलटं होतं. शेजारी बसा. (मूल डावखुरं आणि तुम्ही उजवे असाल तर मात्र समोरच बसा, आरशासारखं दिसेल.) आणखी एक युक्ती: सगळी गाठ तुम्ही बांधा, शेवटचा ताण तेवढा मुलाला देऊ द्या. दुसऱ्या दिवशी शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या. गाठ रोज पूर्ण होते, त्यामुळे मूल वैतागत नाही.

बांधलेला फास बुटावर आडवा न राहता उभा वळत असेल, तर पहिली अढी उलट दिशेने घालून पाहा. तशी उभी वळणारी गाठ लवकर सुटते.

सराव रविवारी करा, रिक्षा उभी असताना नको. तीन वर्षांखालच्या मुलाला बारीक मणी देऊ नका, ते घशात अडकू शकतात. दोरी आखूड ठेवा, गळ्यात अडकवू देऊ नका आणि खेळ संपला की उचलून ठेवा. सहा-सात वर्षांच्या मुलाला बटण लावणं, चमचा धरणं हेही जड जात असेल, तर एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा.